बाईसाहेबांची साथ

नाही, नाही, माळीदादा, बूट राहू द्या पायात — फरशी काय, पुसता येते — पण जरा टेकाल, पाणी तरी घ्याल! सरळ तिच्याकडेच निघालात. तुमचा दोष नाही म्हणा, हल्ली ह्या घरात जो येतो तो आधी खिडकीशीच जातो. परवा माझी नणंद आली, चार महिन्यांनी आली, मला ‘कशी आहेस’ म्हणाली आणि माझं उत्तर तोंडातून बाहेर पडायच्या आत तिच्या पानावरून हात फिरवायला लागली. मी आपली उभी, नणंदेची ओली छत्री हातात घेऊन. — हो, तीच. रबराचं झाड. तुमच्या रोपवाटिकेत अशी पन्नास असतील ओळीने, ठाऊक आहे मला, पण ह्यांच्यासमोर तेवढं ‘झाड’ म्हणू नका. बाईसाहेब म्हणायचं. हसू नका, खरंच सांगते. सव्वीस वर्षं संसार झाला आमचा आणि सव्वीस वर्षं मी ‘अगं’. अगं माझा चष्मा, अगं पंखा बंद कर. आणि ती मात्र ह्यांच्या नजरेत भरल्या दिवसापासून बाईसाहेब!

आणि ती बसलीय कशावर, बघितलंत? ते कुंडीचं स्टँड नाही. पियानोचं स्टूल आहे ते, माझं. गोल फिरवलं की वरखाली होतं ना — म्हणूनच ह्यांना आवडलं, उजेड जिकडे जाईल तिकडे बाईसाहेबांना फिरवता येतं. मी विचारलं, मग मी कशावर बसू? तर म्हणाले, तू हल्ली वाजवतेस कुठे. आता बोला! वाजवत नाही म्हणून स्टूल नाही, की स्टूल नाही म्हणून वाजवत नाही? स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन पातेली घासली, स्वच्छच होती ती.

तुम्ही बघा, तुमचं काम करा. मी आपली बोलते. माती उकरायची असेल तर हा कागद घ्या खाली — त्यावरचा फोटो? हो, हेच ते. येत्या रविवारचं पत्रक. ‘बासरी आणि झाड’. डावीकडे हे, उजवीकडे ती. उजवीकडे पूर्वी कोण असायचं, सांगा बरं? — जाऊ द्या, तुम्ही काय सांगणार.

गंमत म्हणजे तिला ह्या घरात आणली मीच. भिंतीला ओल आली होती, तो डाग झाकायला म्हणून. पाच वर्षं मीच पानं पुसली, ह्यांना घरात झाड आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, एकदा कोट अडकवला होता तिच्यावर. मग गेल्या वर्षी ह्यांचा एक जुना विद्यार्थी आला, आता इंजिनिअर आहे, तो हा खोका घेऊन आला. हे दोन चिमटे दिसतायत ना, ते पानाला लावायचे. जिवंत वस्तूत म्हणे बारीकशी वीज असते, पानात पाणी चढलं-उतरलं, उजेड बदलला, कोणी जवळ आलं की ती कमीजास्त होते. खोका ते मोजतो आणि कमीजास्त होईल तसे सूर काढतो. झालं. म्हणजे झाड गात नाही हो, खोका गातो! वाईट सूर त्यात भरलेलेच नाहीत, मग बेसूर होणार कसं? त्या इंजिनिअरने त्याच दिवशी टोमॅटोला लावून दाखवला, काकडीला लावला, माझ्या बोटालाही लावला — सगळ्यांचं वाजलं. पण ह्यांना काय, तिच्या पानातून पहिला सूर निघाला आणि ह्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या बोटाचं वाजलं तेव्हा हे त्या पोराला विचारत होते, चहात साखर किती.

ते पांढरं? कुठे — मातीवर? असेल काहीतरी. पाण्यातला क्षार असेल, आमच्या नळाला फार क्षार येतो. नाहीतर खत. मी नाही घालत तिला काही. मी तर हातच लावत नाही, सगळं हेच करतात.

मी जळते असं वाटत असेल तुम्हाला. जळतेच! खोटं कशाला बोलू? झाडावर जळते, काय बोलायचंय ते बोला. दुसरी बाई असती तर तिच्या नाकाडोळ्यांना नावं ठेवली असती, चार बायकांत बसून रडले असते. हिला काय नावं ठेवू? बारा पानं, परवापरवापर्यंत सगळी चकचकीत. लोकांना सांगायला जावं तर लोक हसतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हा.

तुम्हाला साथ म्हणजे काय ते माहितीये? नसेल, तुम्ही झाडांतले. हे बासरी वाजवणार, मी पियानोवर. लोक ह्यांच्याकडे बघणार — आणि मी कुठे बघायचं? ह्यांच्या डाव्या खांद्याकडे. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले सहा महिने बासरी नको, ह्यांनी चौथ्याच महिन्यात काढली. वाजायला लागली, पण दम तो राहिला नाही. आधी एका श्वासात अख्खी ओळ जायची, आता निम्म्यावर संपतो. आणि संपायच्या जरासा आधी डावा खांदा वर येतो, एवढासा, गव्हाच्या दाण्याएवढा. तो दिसला की मी हात वाढवायचा. चार सूर जास्तीचे, असे, सहज — की ऐकणाऱ्याला वाटावं, हे मुद्दामच थांबले, माझ्यासाठी जागा सोडली. दोन वर्षं, माळीदादा! एकालाही कळलं नाही. लोक म्हणायचे, वाजवण्यात काय ठहराव आलाय. आणि हे म्हणायचे, वयाबरोबर येतो. मी शेजारी बसून मान हलवायची.

ह्यांना सांगायचं? कसं सांगणार? बासरीवाल्याला सांगायचं की तुमचा श्वास पुरत नाही? त्यापेक्षा विष दिलेलं बरं. मी पोटात ठेवलं. आणि त्याचं फळ काय मिळालं, तर एक दिवस म्हणाले, ‘अगं, तू हल्ली फार मध्येमध्ये येतेस.’ मध्येमध्ये! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तिच्याबरोबर वाजवताना वाटेल तिथे थांबतात, वाटेल तितका श्वास घेतात, कारण लोकांना वाटतं हे झाडाचं ऐकतायत. मग ती कशाला मध्ये येईल? म्हणाले, ‘बाईसाहेब मला घाई करत नाहीत.’ अहो, झाड ते, कुठे जाणार होतं घाई करून!

नाही, तिथे नका उकरू, मुळं तुटतील — बरं, तुम्हाला जास्त कळतं. पण मी काय म्हणते, थोडं मीठ असलं मातीत तर एवढं काय होतंय? — तुम्ही म्हणालात ना मीठ? — नाही म्हणालात? क्षार म्हणालात. तेही मीच म्हणाले का? …बरं.

बसते जरा. इथे, खिडकीच्या कट्ट्यावरच बसते, दुसरी जागा आहे कुठे.

वाटीभर. पाण्यात विरघळवून, चार दिवस. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. मी वाईट बाई नाही हो. मुंगी मारताना विचार करते मी. त्या गुरुवारचं झालं नसतं ना, तर आयुष्यभर पानं पुसली असती तिची, शपथेवर सांगते.

हे वाजवायला आत बसतात, त्या खोलीत, दार लोटून. ही इथे खिडकीशी, आणि खोक्याची वायर दाराखालून आत जाते, तिथे स्पीकर. गुरुवारी दुपारी हे आत जाऊन बसले. मी इथे धूळ झटकत होते. चिमटे पानाला लावायचं काम माझ्याकडे असतं — हो, तेवढं देतात मला! — आणि काय डोक्यात आलं देव जाणे, मी ते पानाला लावलेच नाहीत. माझ्या बोटांना लावले. म्हटलं गंमत करू, हे चिडतील, ‘बाईसाहेबांना आज काय झालंय’ म्हणून बाहेर येतील, मग हसू दोघं. पुष्कळ दिवसांत हसलो नव्हतो. बस, एवढंच होतं मनात.

तर हे बाहेर आलेच नाहीत. बासरी सुरू झाली. मी काही वाजवलं नाही, काय वाजवणार, बोटांना नुसते चिमटे — मी नुसती ऐकत होते. आणि ऐकता ऐकता मला कळायचं, आता संपणार दम. खांदा दिसत नव्हता, मध्ये दार, पण कळायचं. माझ्या तळहाताला घाम यायचा, आणि त्याबरोबर खोक्यातून सूर वर यायचा. बरोबर त्याच जागी! जिथे मी पियानोवर हात वाढवायचे, तिथेच. पाऊण तास, माळीदादा. मी हललेसुद्धा नाही. इतकं चांगलं आम्ही लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांतही वाजवलं नव्हतं.

मग आत खुर्ची वाजली. मी घाबरले — का घाबरले, आजपर्यंत मला कळलेलं नाही — आणि घाईघाईने चिमटे काढून पानाला लावले. हे बाहेर आले. डोळे लाल. माझ्याकडे बघितलंही नाही. तिच्यासमोर, ह्या वयात, गुडघ्यावर बसले, पान हातात घेतलं, आणि म्हणाले, ‘बाईसाहेब, आज तुम्ही माझा श्वास ओळखलात. आजवर कोणी ओळखला नव्हता.’

आजवर कोणी ओळखला नव्हता! मी हातभर अंतरावर उभी, हातात फडकं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणायचं ह्याला? तेव्हाच सांगायचं होतं, असं म्हणाल तुम्ही. बोलायला तोंड उघडलं होतं हो मी. पण हे मागे न वळता म्हणाले, ‘अगं, तिच्यावर सावली येतेय तुझी, जरा बाजूला हो.’ मी बाजूला झाले. सरळ स्वयंपाकघरात गेले. मिठाची बरणी समोरच होती.

पाच दिवस झाले, खोक्यातून नुसती एकसुरी भुणभुण येतेय. ह्यांना जेवण जात नाही. रविवारचा कार्यक्रम ठरलेला, म्हणतात ती नसेल तर मी वाजवणार नाही, रविवारी नाही आणि नंतरही नाही. मला वाटलं होतं, ती गप्प झाली की माझ्याकडे वळतील. म्हणतील, अगं, बस पियानोवर. नाही म्हणाले. बासरी पुसून पेटीत ठेवून दिली, आणि पेटी कपाटात वरच्या फळीवर. इतकी वरती कधीच ठेवत नाहीत. मी तिला मारायला निघाले आणि बासरीच बंद पाडली की! म्हणून तुम्हाला फोन केलाय, ह्यांनी नाही, मी केलाय. माती बदलून बघा. धुऊन बघा मुळं. — नाही? काळी पडलीत? सगळीच?

थांबा. खालचं दार वाजलं. हेच आले. सभागृहात गेले होते, कार्यक्रम रद्द करतो म्हणून सांगायला. आता ऐका, अकराव्या पायरीवर थांबतील. सात… आठ… रोज थांबतात, दम खातात, वर आल्यावर म्हणतात शेजाऱ्याशी बोलत होतो. दहा… अकरा. झालं ना शांत? तो खोका सरकवा इकडे. ते बटण दाबा — लाल, लाल. चिमटे द्या. पानाला कशाला लावताय, द्या इकडे. हा एक अंगठ्याला, हा करंगळीला. श्श. बोलू नका आता.

वाजतंय. ऐकू जाईल का जिन्यात?

…ऐकलंत? ‘बाईसाहेब!’ जिन्यातूनच हाक मारली. अगं बाई, दोन-दोन पायऱ्या चढतायत, वेडा माणूस, छातीत कळ येईल — सावकाश या हो, सावकाश! — बघितलंत सूर कसा चढला? मी नाही काही केलं. आपोआप झालं.

नाही, चिमटे नाही काढत मी. गुरुवारी काढले, तीच चूक झाली. येऊ देत वर, बघू देत कोणाच्या बोटांना आहेत ते. मिठाचंही मीच सांगेन, तुम्ही त्यात पडू नका. मग रविवारी वाजवोत, नाहीतर मला घराबाहेर काढोत. निघा तुम्ही आता, माळीदादा, मागच्या जिन्याने निघा. आणि जाता जाता तेवढी कुंडी उतरवा त्या स्टुलावरून. मला बसायचंय.