पाणमांजरं हात धरतात

भाईंदर पूर्वेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणारी क्षितिजा दुसऱ्यांचं बोलणं ऐकणाऱ्यांतली नव्हती. पण शेजारचं म्हातारं जोडपं फार जवळ बसलं होतं.

“मनोरमा, ऐक. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.”

“कोण म्हणतं?”

“इंटरनेट. आपल्या नीरजने ऑफिसातून प्रिंट काढून आणलंय. ऑपरेशनची तुला भीती वाटू नये म्हणून.”

“मोतीबिंदू माझा, आणि कागद थरथरतोय तुमच्या हातात. आवाज येतोय मला.”

“पंख्याचं वारं आहे.”

“पंख्याखाली मी बसलेय.”

“बरं, हे ऐक. पाणमांजरं पाण्यावर झोपतात ना, तेव्हा कधीकधी एकमेकांचा हात धरून ठेवतात. वाहून जाऊ नये म्हणून.”

“हे पटतं.”

“ऑक्टोपसचंही खरंच आहे गं.”

“मनोरमा आजी, तयार राहा. आता तुम्हालाच आत घेणार,” नर्स सांगून गेली.

“अगं बाई! मग धरा की आता.”

“काय?”

“हात. मघापासून कागदच धरून बसलाय.”

“इथं? चारचौघांत?”

“मला कुठं दिसतायत चारचौघं?”

क्षितिजाने लगबगीने समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला घेतला.