वैती सरांची शेवटची निवड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले प्राचार्य राजाध्यक्ष साहेब. व्यासपीठावर अवघडून बसलेले सत्कारमूर्ती डॉ. हरेश्वर वैती, मढहून तरीतून खाडी ओलांडून आलेल्या त्यांच्या मातोश्री मथुराबाई, माझे सहकारी, विद्यार्थी, आणि मागच्या दाराशी बटाटेवड्यांवर लक्ष ठेवून उभे असलेले सर्व सज्जन हो!

निरोपाच्या दिवशी माणूस देवाच्या पंगतीत बसवायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. मला ती जमत नाही. मी वनमाला परुळेकर, सरांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकवत आले, आणि स्वभावाने संशयी. अंधेरीच्या बाजारात रिकामा तराजू बघितल्याशिवाय मी भेंडीसुद्धा घेत नाही. सर, म्हणून तर तुम्ही मला वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचं काम दिलंत ना? की माझ्यावर नजर ठेवता यावी म्हणून? असो. आज दोन्हीबद्दल आभार.

आता एक गोष्ट सांगते. ती आमच्या कपाटातली आहे, पण इतिहासवाल्यांनीही झोपू नये.

शंभरेक वर्षांपूर्वी एका गोऱ्या साहेबाने एका झुडपाला शास्त्रीय नाव दिलं. नाव लॅटिन आहे, ते सांगत बसले तर चहा निवेल. त्या नावाला आधार म्हणून त्याने दोन वाळवलेले नमुने दाखवले, एक मालाडच्या खाडीकाठचा आणि दुसरा बोरिवलीच्या डोंगरावरचा. दोन्ही पुढे आपल्या कॉलेजात आले. माझी विद्यार्थिनी अनुपमा हिने सिद्ध केलं की ती मुळात दोन वेगळी झाडं आहेत. मग जुनं नाव कोणाचं? अशा वेळी दोनांतला एक नमुना निवडतात आणि नाव त्याला बांधून टाकतात. गंमत अशी, की जो पहिल्याने निवड छापतो, त्याची निवड साऱ्या जगाने पाळायची. मूळ वर्णनाशी तिचा उघड विरोध दाखवता आला, तरच ती उलटते.

आणि निवडणार कोण? संग्रहाचे प्रमुख, म्हणजे वैती सर! इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

कारण ऐका. डोंगरावरच्या त्या झाडाला तरुणपणी सरांनीच एक नाव दिलं होतं, आपल्या आईचं. मथुराबाई तेव्हा मासळीबाजारात सांगत, "माझ्या नावाचं झाड हाय डोंगरावर, पापलेटचा भाव काय कमी करतेस!" पुढे मोठमोठे विद्वान म्हणाले, हे नवं झाड नव्हे, साहेबाचंच जुनं आहे. नाव बाद झालं. मग बाजारात बायका विचारू लागल्या, "काय गं मथुरे, गेलं ना तुझं झाड?" हे मला खुद्द मथुराबाईंनी सांगितलंय, हसत हसत. ते हसू मला काही आवडलं नव्हतं.

तर आता सरांनी खाडीचा नमुना निवडला, की जुनं नाव खाडीच्या झाडाकडे जाणार आणि डोंगरावरच्या झाडाला मथुराबाईंचं नाव परत मिळणार. डोंगरावरचा निवडला, तर मथुराबाईंचं नाव कायमचं बुडणार, आणि खाडीचं झाड बिननावाचं उरून त्याला नाव द्यायचा मान अनुपमाला मिळणार. तुम्ही काय केलं असतंत? खरं सांगा!

स्टाफरूममध्ये उघड बोलणं चालू होतं. म्हातारा जाता जाता आईचं नाव सोडवणार, पोरीच्या कामाची वाट लागणार. सरांच्या कानावर ते जात नव्हतं असं नाही. मी आत गेले की सर कपाट लावून घेत. सुटीच्या दिवशी एकटेच खाडीवर जात. एरवी मला चहा कधी न विचारणारा माणूस चहा मागवू लागला! मी तोंडावर विचारलं, "सर, कोणता नमुना?" तर म्हणाले, "परुळेकर बाई, चहा घ्या."

शेवटी सरांचा लेख छापून आला. सरांनी डोंगरावरचा नमुना निवडला होता. स्वतःच्या हाताने आईचं नाव बुडवलं!

सगळे म्हणाले, धन्य, केवढा त्याग! माझा संशय दुप्पट झाला. नमुना हा पुरावा असतो हो, तो काय दानधर्मात द्यायची वस्तू आहे? मी लेख परत वाचला. सरांनी लिहिलं होतं की साहेबाच्या वर्णनात फळ लोकरीसारखं केसाळ आहे, पण खाडीच्या नमुन्यावर फळच नाही, म्हणून पडताळा घेता येत नाही.

आता आमची एक पद्धत. नमुन्यावरून गळून पडलेलं पान, फळ, बी फेकायचं नसतं. कागदाचं छोटं पाकीट करून ते नमुना लावलेल्या त्याच पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात चिकटवतात. पाकीट उघडल्याशिवाय झाडाबद्दल तोंड उघडू नये, हे मला सरांनीच शिकवलं.

मी कपाटाकडे जाईपर्यंत अनुपमा तिथे पोचली होती. हातात चिमटा, चेहरा पांढराफटक.

"मॅडम, पाकिटात फळं आहेत. केसाळ."

"आणि डोंगरावरच्या पाकिटात?"

"तिथेही आहेत. गुळगुळीत."

मला तिचाही संशय आला. म्हटलं, "तुला कळतंय ना, म्हणजे तुझं झाड गेलं?"

तर म्हणते, "मग काय करू, परत पाकिटात टाकू?"

सर, हातवारे करू नका, माझं संपलेलं नाही. दोन्ही पाकिटं तुम्ही उघडली नाहीत, हे या सभागृहात कोणाला पटेल? स्टाफरूम काय म्हणेल, या भीतीने तुम्ही स्वतःविरुद्ध खोटं लिहिलंत. लोक स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलतात, ते चटकन पकडता येतं. तुमचं खोटं टाळ्या घेऊन गेलं. मला त्याचा राग आला आहे, आणि तुमच्याबद्दलच्या मायेनेच आला आहे, हेही सांगून टाकते.

म्हणून शाल-श्रीफळाबरोबर माझ्याकडून ही भेट. तुमची निवड मूळ वर्णनाच्या उघड विरोधात आहे, आणि ती मी उलटवणार आहे. लेख मी आणि अनुपमाने मिळून लिहिला आहे. काल तो टपालात पडला, त्यामुळे आता मला खाली बसवून उपयोग नाही.

मथुराबाई, डोंगरावरचं झाड तुमचं होतं, तुमचंच राहील. तुमचा मुलगा तुम्हाला भलतंच काही समजावील, त्याचं ऐकू नका.

प्राचार्य साहेबांनी मला मध्येच थांबवलं नाही, याबद्दल त्यांची मी ऋणी आहे. सजावट करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आणि वडे निवत असूनही बसून राहिलेल्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं. वैती सरांनी घालू नये. त्यांनी उत्तर द्यावं, छापून, आणि या वेळी खरं.