पंडितचा घोडा

अरे, परवा मस्तगडात पारसच्या घरी घोड्यावरून भांडण झालं. लहानपणी त्याच्या कम्प्युटरला स्पीकर नव्हते, म्हणून गेममधला घोडा पळाला की आमचा दोस्त पंडित स्वतः खिंकाळायचा. आता तोच गेम नव्यानं बनवून आलाय. पारसनं तो मोठ्ठ्या स्पीकरवर लावला अन् माझ्यासंगं लई वर्षांनी पंडितलाही बोलावलं. घोडा खिंकाळला, तसा पंडित भडकला.

"सत्यानाश केला राव! घोडा असा ओरडतो का?"

"अबे, असली घोड्याचा आवाज हाय," पारस म्हणला.

"असली असंल. आपला न्हाई!"

दोघं हातघाईवर आले. मंग मीच स्पीकरचा आवाज बंद केला. म्हणलं, "पंडित, तूच खिंकाळ."

पंडितनं पोट सावरलं अन् जोरात खिंकाळला.

स्वयंपाकघरातून पारसची आई ओरडली, "पंडित आला का रे? चहा टाकते!"