कुणाच्या दारी न गेलेला माणूस

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या शेजारी मंडळाचे प्रमुख श्री. अर्तेमिओ बार्रिया, व्यासपीठावरच्या पालिकेच्या पाहुण्या बाई, आपल्या चॅपलचे वयोवृद्ध सेवेकरी, खाडीच्या दोन्ही काठांवरून भरती बघून वेळेवर पोचलेले माझे शेजारी, मागच्या बाकांवर कुजबुजणारी तरुण मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते माझे दाजी, श्री. एलेओदोरो कार्कामो. सर्वांना ओतिलिया रेमोल्कोयचा नमस्कार.

मी शाळेत फार टिकले नाही. मिठाच्या पोत्यांवरची अक्षरं वाचत वाचत वाचायला शिकले, तेव्हा सेक्रेटरींसारखं गुळगुळीत बोलणं माझ्याकडून व्हायचं नाही. त्यांनी आत्ता मानपत्र वाचलं, झकास वाचलं. त्यात ‘यशस्वी जीवन’ हे शब्द आले की दाजी मान खाली घालत होते. तुम्हाला वाटलं असेल, संकोच. संकोच नव्हता तो. काय होतं तेच सांगायला मी उभी आहे, आणि दाजींनीच सांगायला लावलंय.

आपल्या चिलोए बेटावर घर हलवायचं म्हणजे काय, हे पाहुण्या बाईंना दोन शब्दांत सांगते. लाकडी घर अख्खंच्या अख्खं ओंडक्यांवर चढवायचं, बैलांच्या जोड्यांनी ओढत किनाऱ्यावर आणायचं, भरतीला पाण्यात सोडायचं आणि बोटींनी पलीकडे न्यायचं. राबायला सगळा गाव. मजुरी नाही. पण एक रीत आहे. ज्याचं घर हलायचं, त्या घरच्या कर्त्यानं टोपी हातात धरून दारोदार जायचं, चुलीपाशी बसायचं आणि तोंडानं म्हणायचं, ‘माझ्यासाठी एवढं करा.’ निरोप धाडून चालत नाही. समोरच्यानं ‘येतो’ म्हटलं की झालं.

ही घरं हलवायची तर पुढे दाजीच लागत. बैलांपुढे उभं राहून ते अशी आरोळी ठोकायचे की बैलच काय, घरसुद्धा घाबरून पुढे सरकावं! कोणी घर हलवायचं मनात आणलं की पहिली टोपी यांच्या दारी. आणि हे मात्र कित्येक वर्षं मागायला कुणाच्या दारी गेले नाहीत.

का, ते ऐका. यांचे वडील समुद्रात बुडाले तेव्हा हे एवढेसे होते. आई बटाटे मागायला दारोदार जायची आणि यांना बरोबर न्यायची, पोराकडे बघून लोकांना दया येते म्हणून. त्याच वयात यांनी ठरवलं, लोक माझ्या दारी येतील, मी कुणाच्या दारी उभा राहणार नाही. तरुणांना आजकाल सगळे विचारतात, तुमचं ध्येय स्पष्ट आहे का? बाबांनो, या माणसाचं ध्येय आरशासारखं लख्ख होतं. आणि त्यांनी ते मिळवलं. मग बिघडलं कुठे?

माझी थोरली बहीण, एर्मेलिंदाताई, त्या ध्येयाशी लग्न करून आली. घर डोंगराच्या सावलीत. हिवाळ्यात भिंतींना बुरा यायचा. मी पलीकडच्या काठावर, उन्हात. ताईला एवढंच हवं होतं की घर माझ्या शेजारी यावं. ती म्हणायची, “अहो, गावाची घरं नेता, आपलं कधी?” हे म्हणायचे, “बटाटे निघू देत.” बटाटे निघायचे. मग म्हणायचे, “बैल थकलेत.” मी एकदा चिडून म्हटलं, “दाजी, बैल थकलेत की जीभ?” तर हसले आणि लाकडं फोडायला निघून गेले.

मग ताईची छाती धरली. खोकला जाईना. एक दिवस तिनं शाल गुंडाळली आणि एकटीच निघाली. दारोदार. आपल्या अध्यक्षांच्या आईनं विचारलं, “अगं एर्मेलिंदा, हे बायकांनी मागायचं असतं का?” ताई म्हणाली, “पुरुष मागेना, तर घरानं का स्वतः चालत यायचं?” सगळ्या दारांतून तिला ‘येतो’ मिळालं. माझ्याकडे आली तेव्हा धाप लागली होती, पण तोंडभर हसत होती. चुलीशेजारी कोणती खिडकी ठेवायची इथपर्यंत आमचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दाजी तिच्या मागोमाग त्याच दारांना जाऊन आले. उंबऱ्याबाहेरूनच, टोपी डोक्यावर ठेवून. म्हणाले, “ती आजारी आहे, तिचं मनावर घेऊ नका. मला काही नको.”

ताईला ते शेजारणीकडून कळलं. ती भांडली नाही. “बरं,” म्हणाली आणि बटाटे किसायला बसली. त्याच हिवाळ्यात गेली.

थांबा, पाणी घेते जरा.

वसंतात दाजी टोपी हातात घेऊन बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदा. अर्तेमिओंच्या चुलीपाशी बसले, आणि तोंडातून शब्द फुटेना. शेवटी अर्तेमिओच म्हणाले, “एलेओदोरो, अरे, किटली दोनदा रिकामी झाली. आता बोल, नाहीतर जेवूनच जा!” सगळे हसले, आणि हे रडायला लागले. अर्तेमिओ म्हणाले, “कळलं. येतो.”

ते घर पाण्यावरून आलं तेव्हा मी किनाऱ्यावर उभी होते. पडदे काढलेलं, आतून रिकामं घर. इतके दिवस जे यावं म्हणून डोळे लावून बसले होते, ते सरळ माझ्याकडे येत होतं, आणि मला वाटत होतं की बुडावं. बुडालं नाही. दाजींनी बांधलेलं घर कसं बुडेल? त्या दिवशी गावाला जेवण मीच वाढलं, त्या घरात वाढायला दुसरी बाई नव्हती.

पुढे आम्ही शेजारी राहिलो. हवेवर बोललो, सरपणावर बोललो. यावर कधीच नाही. माझ्याकडे बैल नव्हते ना, म्हणून दाजी घरासाठी सगळी दारं फिरले तेव्हा एक माझंच राहिलं होतं.

आता दाजींची नजर गेली आहे, आणि त्यांची लेक नीएवेस बाबांना दक्षिणेला आपल्या घरी नेते आहे. काल सकाळी दार वाजलं. दाजी, टोपी छातीशी धरलेली. म्हणाले, “ओतिलिया, उद्या माझं कौतुक करू नकोस. पोरांना खरं सांग. मी काय मिळवायचं ते ठरवलं, पण ते कुणासाठी, हे स्वतःला एकदाही विचारलं नाही.” मग म्हणाले, “आणि तुझ्याकडे मागायचं राहिलंय. मला माफ कर.”

मी म्हटलं, “उत्तर सभेत देईन.”

तर दाजी, ऐका. बहीण शेजारी येईल म्हणून मी वाट बघितली, ती वाया गेली. त्याची माफी माझ्या हातात होती. ती दिली. ताईच्या वाट्याची माझ्याकडे नाही. ती आहे असं खोटं सांगून तुम्हाला बोटीत बसवणं मला जमणार नाही. जी आहे ती न्या.

मंडळानं मला बोलायची संधी दिली, पाहुण्या बाई एवढ्या लांबून आल्या, बायांनी पहाटेपासून चुली पेटवल्या, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला.

दाजी, व्यासपीठाच्या पायऱ्या उंच आहेत, तुम्हाला दिसायच्या नाहीत. उतरताना हात लागेल. मागा. इथलं कुणी नाही म्हणणार नाही.