सोज्जीच्या ताटलीत हंगेरीचं डुक्कर

...आणि वर आमची हरिणी मलाच म्हणते, "आम्मा, यात माझं काय चुकलं?" ऐकलंत? काय चुकलं! तुम्हाला सांगते, मुलगी दाखवायच्या दिवशी कुणी डुकराचं नाव काढतं का? तंजावुरात, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, जिथे या घरात चकलीसारखा मुरुक्कू मोडला तर त्या घरात ऐकू जातो, तिथे डुक्कर! विचारलं काय होतं? एका शब्दाचा अर्थ!

पापनाशमहून माणसं आलेली. भागीरथीमामी, मामा आणि मुलगा त्यागराज. बँकेत आहे, मान खाली, बज्जीवर बज्जी. आपल्या मराठी घरांत अशी स्थळं उरलीत कुठे आता? मी देव पाण्यात घालून बसलेली. हरिणीला सकाळपासून पढवत होते, "मामींनी शिक्षण विचारलं तर बायोटेक्नॉलॉजी म्हण, पुढे काही विचारलं तर 'औषधं करतात मामी' म्हण आणि गप्प बस." मान डोलावली होती हो तिनं!

सगळं कसं छान चाललेलं. सोज्जीचा गोड शिरा झाला, बज्जी झाली, मामींनी दहीवडा खाल्ला, बोट चाटलं. "सुंदरी, काय दही लागलंय गं! माझ्या दह्याला नुसतं पाणी सुटतं. थोडं विरजण दे की." मी म्हटलं, "मामी, दिवे लागले, आता कसं देऊ? सकाळी पाठवते." "होय होय, दिवे लागल्यावर नको!" बघा, किती रीतीचं माणूस! माझ्या डोळ्यांपुढे तर मांडवच उभा राहिला.

मग मामी वळल्या हरिणीकडे. "काय गं, ते बायो... म्हणजे नक्की काय?" विचारलं काय होतं? एका शब्दाचा अर्थ!

ही अशी सरसावून बसली! एरवी घरात मराठी बोल म्हटलं तर तोंडात गुळणी, आणि त्या दिवशी? "मामी, शंभर वर्षांपूर्वी हंगेरीत एक इंजिनिअर होता, त्यानं हा शब्द काढला. त्याला खूप डुकरं वाढवायची होती..."

मामींची ताटली खाली. "काय वाढवायची?"

मी डोळे वटारले, पायानं ढोसलं, तर या शहाणीला वाटलं, मामींना मराठी कळलं नाही! लगेच तमिळमध्ये, "पन्नी, मामी, पन्नी!" अय्यो! आणि थांबते कुठे? "बीट घालायचं, चारा घालायचा, जनावराच्या अंगात त्याचं मांस होतं, म्हणजे कारखानाच की! जिवंत गोष्टीकडून कामाची वस्तू करून घ्यायची, हाच अर्थ, मामी!" मामींनी पदर नाकाला लावला, मामा खोकायला लागले, आणि तो त्यागराज, तो मठ्ठ, बज्जी चावत विचारतो काय, "एकूण किती डुकरं?"

मी मध्ये पडले. "अगं, आताचं सांग, औषधांचं सांग!" तर म्हणते, "औषधंच कशाला? मामी, तुम्ही आत्ता खाल्लंत ते दहीसुद्धा तेच! आम्माचं विरजण म्हणजे जिवंत जंतू..."

जंतू! मामींच्या पोटातलं दही आणि हंगेरीचं डुक्कर, दोघांना एका पंगतीत बसवलं हो हिनं! अर्थ खरा असेल, मी कुठे नाही म्हणते? पण तो सोज्जीबरोबर वाढायचा?

गेले. विडा तबकात तसाच. रात्री ही रडत बसली तेव्हा मला कळलं, तिला तो मठ्ठ आवडला होता. आवडला म्हणूनच एवढी बोलली, वेडी!

सकाळी मामींचा फोन. "सुंदरी, नाही जमायचं गं. मुलगी हुशार आहे... फार हुशार आहे." हे 'फार' मला कळतं हो! मी बरं म्हटलं. फोन ठेवणार, तेवढ्यात, "आणि ऐक, ते विरजण... अजून दिवे लागायला वेळ आहे, पापनाशमच्या बसमध्ये कुणाकडे तरी दे की!"

असा संताप आला! जंतू चालतात, मुलगी चालत नाही! वाटलं, सगळं दही मोरीत ओतावं. विचारलं काय होतं? एका शब्दाचा अर्थ!

आणि तरी डबा भरला. वर केळीचं पान बांधलं. बसवर कुणी न्यायचा? हरिणीच उठली, तोंड धुतलं आणि घेऊन गेली. काय करणार? विरजण मागितलं तर नाही म्हणायची रीत नाही आपल्यात. मुलीला 'नाही' म्हणायची आहे.