भुरीचं रक्त आणि भगवंतरावांवरचा बोल

सभेचे अध्यक्ष मामलेदार रावसाहेब, व्यासपीठावर बसलेले सरकारी दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, मराठी शाळेचे हेडमास्तर, ज्यांना निरोप द्यायला आपण आज जमलो ते गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर भगवंतराव थोपटे, पडद्याआड बसलेल्या आयाबहिणी आणि जुन्नर-आंबेगावच्या गावागावांतून आलेले तुम्ही सगळे सज्जन, या सर्वांना महंमद हनीफ कागदी याचा नम्र सलाम आणि रामराम.

मी भाषण करणारा माणूस नाही. आमचा धंदा कागद करण्याचा. त्यावर लिहायचं काम इतरांचं. हेडमास्तरांनी चार दिवसांपूर्वी विचारलं, "हनीफभाऊ, कागदी आळीतर्फे दोन शब्द बोलाल ना?" मी हो म्हणालो. का म्हणालो, ते शेवटी कळेल.

भगवंतराव पाच वर्षांपूर्वी, एकोणीसशे चार साली, इथं आले. त्यांनी किती बैल वाचवले हे सांगायचा अधिकार शेतकऱ्यांचा. पिंपळवंडीचे सयाजीराव मघाशी सांगून गेलेच, "डॉक्टर लई सोसणारा माणूस हाय." हे सयाजीराव कशाबद्दल म्हणाले, हे सभेत पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्याबद्दल कुणी बोललं नाही. मी बोलणार आहे.

आमच्या आळीत घरटी एक मांजर असतं. कागदाला खळ लावतात, खळीला उंदीर येतात, म्हणून मांजर. आमच्या मांजरीचं नाव भुरी. ती खरी माझ्या मुलीची, नसीमची. नसीम नऊ वर्षांची होती. ओले कागद भिंतीवर चिकटवताना तिचा हात माझ्याहून हलका चालायचा.

एकोणीसशे सहाच्या दिवाळीनंतर भुरी खाईना. अंग तापलेलं, जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. नसीम तिला टोपलीत घालून दवाखान्यात घेऊन गेली, मी मागून गेलो. डॉक्टरांनी गाठ पाहिली आणि मला म्हणाले, "मांजर आजारी आहे म्हणजे उंदीर आजारी आहेत. हा प्लेग आहे. आजच्या आज घर सोडा. आळीला सांगा."

आम्ही कुकडीच्या काठी झोपड्या टाकल्या. भुरीला डॉक्टरांनी पिंजऱ्यात ठेवून घेतलं. त्या पंधरवड्यात आळीतली तेरा मांजरं आजारी पडली. पाच मेली, आठ वाचली. मला नवल वाटलं. रोग एक, मांजरं एका आळीची, मग हा फरक का? मी विचारलं.

भगवंतराव प्रश्न विचारणाऱ्याला कधी परत पाठवत नाहीत. ते म्हणाले, "गाठ म्हणजे चौकी समजा. जंतू अंगात शिरले की शरीर त्यांना तिथं अडवतं. रक्तातले पांढरे कण तिथं धावतात, जंतूंना गिळतात, स्वतःही मरतात. त्याचाच पू होतो. चौकी टिकली तर गाठ फुटते आणि मांजर उठतं. चौकी पडली तर जंतू रक्तात उतरतात. मग दोन दिवस पुरतात. काही मांजरांना तर गाठ यायलाही वेळ मिळाला नाही."

"पण कुणाची टिकते आणि कुणाची पडते?"

"ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. डॉक्टरच्या तोंडून हे शब्द मी तोवर ऐकले नव्हते.

बाराव्या दिवशी भुरी उठून दूध प्यायली. त्यानंतर काही दिवसांनी डॉक्टरांनी मला बोलावून दोन काचेच्या नळ्या दाखवल्या. दोन्हींत मेलेल्या जंतूंचं गढूळ पाणी होतं. माणसांना टोचायच्या लशीतलंच. एकीत त्यांनी कधीच आजारी न पडलेल्या मांजराच्या गोठलेल्या रक्तावर सुटलेलं पाणी थेंबभर घातलं, दुसरीत भुरीच्या. दुपारपर्यंत पहिली नळी तशीच गढूळ. दुसरीत जंतूंचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसलेले, हौदात लगदा बसतो तसे, आणि वर पाणी नितळ.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "भुरीचं रक्त ही विद्या शिकलं. पण शिकताना जीव जायची वेळ आली. लस टोचली की माणसाचं रक्त जवळपास हेच शिकतं, मेलेल्या जंतूंवर. हनीफभाऊ, पुण्याहून टोचणारे आले आहेत. घरच्या सगळ्यांना टोचून घ्या."

मंडळी, मी घेतलं नाही. सुईनं माणसं मेल्याच्या बातम्या कानावर आल्या होत्या. आळीतल्या थोरांनी नको म्हणून मान हलवली होती. आणि खरं सांगायचं तर मी भ्यालो. डॉक्टर दोनदा आमच्या झोपडीवर आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा ते बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "तुम्ही नका घेऊ. निदान मुलीला घेऊ द्या." मी म्हणालो, "बघू." त्या वेळी तिथं माझी बायको आबेदा होती आणि मी होतो. तिसरं कुणी नव्हतं.

काम बंद पडू नये म्हणून मी घरातून लगद्यासाठी लागणाऱ्या जुन्या गोणपाटाचे गठ्ठे झोपडीवर आणले होते. त्यांतून उंदरांच्या पिसवा आल्या असाव्यात. नसीमला ताप भरला. काखेत गाठ आली.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टरसाहेब इथं बसले आहेत, त्यांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गुरांच्या दवाखान्याकडे धावलो. भुरी अजून तिथंच होती. मी म्हणालो, "हिचं रक्त काढा आणि माझ्या पोरीला टोचा."

भगवंतरावांनी पिंजऱ्यातल्या भुरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मांजराचं रक्त माणसाच्या अंगात गेलं तर काय होईल, मला ठाऊक नाही."

"घोड्याच्या रक्तावरचं पाणी रोग्यांना टोचतात, असं तुम्हीच सांगितलंत."

"ते महिनोन्महिने तयार करतात, पारखतात, आणि तरीही पुष्कळ रोगी जातात. माझ्यापाशी एक नळी आहे आणि एक मांजर."

"पोर नाहीतरी चाललीच आहे."

"तसं अजून नक्की नाही. तिचं शरीर लढतंय. जे मला माहीत नाही ते मी तिच्या अंगात घालणार नाही."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, दवाखान्याला कडी घातली आणि माझ्याबरोबर झोपडीवर आले. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन ते नसीमच्या कपाळावरची पट्टी बदलत होते. पाचव्या दिवशी नसीम गेली.

कबरीवर माती टाकताना मी चारचौघांत बोललो, "औषध डॉक्टरच्या हातात होतं. दिलं नाही." माझ्या तोंडून निघालेली ती गोष्ट आठवड्याभरात लोणीपर्यंत पोचली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. लोक आपली जनावरं त्यांच्या दारावरून दुसरीकडे नेऊ लागले. त्यांच्या पत्नी कुशाबाई पाण्यावर गेल्या की बायका घागरी उचलून बाजूला होत. "मांजर जगवलं, पोर मारलं," असं लोक त्यांना ऐकू जाईल असं म्हणत. भगवंतराव एका शब्दानं बोलले नाहीत. दोनदा दारात येऊन विनवलं होतं, एवढंच सांगितलं असतं तर सगळा बोल माझ्यावर आला असता.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आळीतली दोन मांजरं तापली. डॉक्टर लगेच सांगायला आले. या खेपेला सगळ्यांआधी मी बाही वर केली, माझ्यानंतर आबेदानं. मग आळी आली. त्या हंगामात आळीतलं एकही माणूस गेलं नाही. लोक म्हणाले, हनीफचं मन मोठं, वैर विसरला. मी तेही ऐकून घेतलं आणि गप्प बसलो. वैर होतंच कुठं? त्यांच्यावर राग धरला की रोज स्वतःकडे बघावं लागत नव्हतं, एवढंच.

बदलीचा हुकूम आल्याचं कळलं त्या दिवशी आबेदा भाकरी थापता थापता म्हणाली, "ते चालले. आता खरं कुणाला सांगाल?"

परवा मी दवाखान्यात गेलो. विचारलं, "तुम्ही का नाही बोललात?"

ते पेटी भरत होते. म्हणाले, "हनीफभाऊ, मी बदलीचा माणूस. माझ्यावरचा बोल मी जाताना बरोबर घेऊन जाईन. तुम्हाला इथंच राहायचंय."

अध्यक्ष महाराज, वेळ बराच घेतला. त्या दिवशी रक्त टोचलं असतं तर नसीम वाचली असती का, हे मला माहीत नाही, त्यांनाही नाही. पण ती लस तिला मिळाली नाही ती माझ्यामुळे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. आजपासून तुम्हा सगळ्यांनाही.

सभेनं मला बोलू दिलं, हेडमास्तरांनी माझं नाव सुचवलं, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात कुठं मर्यादा सुटली असेल तर अडाणी कारागीर समजून पदरात घ्या. कुशाबाई पडद्याआड बसल्या आहेत. त्यांची माफी आबेदा तिकडे मागते आहे, मी इथून मागतो.

आणि भगवंतराव, आपल्या सामानाच्या गाड्या उद्या निघतील. त्यांत तो बोल बांधू नका. तो माझा आहे, माझ्यापाशीच राहू द्या.