रादोस्तिनाबाईंचे पाय

बल्गेरियातल्या बान्स्कोच्या बर्फाळ डोंगरावर, वर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या, स्कीवर बसवलेल्या खुर्चीत पट्ट्यांनी आवळलेल्या. मागे खुर्चीचा दोर धरून त्यांचा शिक्षक.

"रादोस्तिनाबाई, पाय गार पडलेत का?"

"त्यांनाच विचार. बारा वर्षं माझ्याशी बोलत नाहीत."

"मग बूट काढून हात लावून बघावं लागेल."

"तासाभरात तिसऱ्यांदा? नवऱ्यानंसुद्धा इतके हात लावले नाहीत."

"सकाळपासून नऊ वेळा पडलात. आज पुरे."

"आठ. नवव्यांदा तू माझ्या अंगावर पडलास. एकदा न पडता खाली येऊ दे, मग जाते घरी."

"खरं सांगू? माझेच पाय बधिर झालेत. आहेत की नाहीत, तेही कळत नाही."

"तुझेही बोलेनासे झाले? बारा वर्षांत माझं काही अडलं नाही. चल, लिफ्ट आली."